प्रकरणं वाटून घेतलेलं पुस्तक

परवा फोनवर धाकट्या नातीनं मला विचारलं, की विद्यापीठातली ही जाडजूड पुस्तकं वाचून कोणाचं काही भलं होतं का. मी म्हटलं, होतं, वाचणाऱ्यानं वाचलं तर. ती हसली. मी विनोद केलेला नव्हता. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहून काढते. थोरल्यानंही वाचावं. त्याला मराठी वाचायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, पण इंग्रजीत लिहायला लागले की मी नको इतकी शहाणी दिसते, आणि या गोष्टीत मी तशी नव्हते.

आणीबाणी उठल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका सहकारी सोसायटीत राहत होतो. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, मागे द्राक्षाचा मळा. तुमचे आजोबा कॉलेजात गणित शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी. तुमचा बाबा पुण्याला होस्टेलवर होता. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीत अभ्यासमंडळ भरायचं. आठ माणसं. चहा, चिवडा आणि एक गंभीर पुस्तक. कादंबऱ्या चालत नसत, तसा नियमच होता. नियम, यादी, इतिवृत्त हे सगळं माझ्याकडे होतं, कारण मला ते आवडतं.

त्या वर्षी आम्ही समाजशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. आपल्या देशातल्या गावांत आणि शहरांत माणसं एकमेकांना कशी जवळ करतात आणि कशी लांब ठेवतात, हा त्याचा विषय. ते यायलाच दोन महिने लागले, आणि आली ती एक प्रत. आठ माणसांनी एक प्रत वाचायची म्हणजे वर्ष जाणार. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना युक्ती सुचली: पुस्तकात आठ प्रकरणं, आपणही आठ जण. सुटी करून वाटून घ्यायची. ज्यानं त्यानं आपलं प्रकरण वाचायचं आणि आपल्या शनिवारी ते बाकीच्यांना समजावून सांगायचं.

मला ही कल्पना इतकी पसंत पडली, की दुसऱ्याच दिवशी मेन रोडच्या बोळातल्या बाइंडरकडे पुस्तक घेऊन गेले.

तो म्हणाला, "बाई, कोरं पुस्तक आहे. फाडायचं कशाला?"

"फाडायचं नाही हो. सुटं करायचंय."

"तेच ते," तो म्हणाला आणि पुस्तक उलटं करून त्याचा कणा बघू लागला.

आठ दिवसांनी आठ बारीक पुस्तकं मिळाली, खाकी पुठ्ठ्याची. मी प्रत्येकावर आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. तुमच्या आजोबांच्या वाट्याला तक्त्यांचं प्रकरण आलं आणि ते खूश झाले. मला पहिलं आलं, प्रास्ताविकाचं. पाचवं आलं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना.

सेक्रेटरी म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सज्जन माणूस. कोणाच्या घरी आजारपण असलं तर रात्री-अपरात्री रिक्षा शोधून आणणारे. पाचव्या प्रकरणासाठी त्यांनी तीन आठवडे तयारी केली आणि आपल्या घरचा छोटा फळा गच्चीवर आणून अप्रतिम मांडणी केली. प्रकरण शेजाराबद्दल होतं. शहरातल्या नव्या वसाहतींमध्ये जात कोणी विचारत नाही, तसं विचारणं असभ्य समजलं जातं. तिथं विचारतात मूळ गाव कुठलं, गावात घर कुठे, खाणंपिणं काय, आणि इथं तुम्हाला ओळखतं कोण. सगळे प्रश्न साधे, कोणीही कोणालाही विचारावे असे. पण ते एकापुढे एक आले की दार बंद होतं, आणि बंद करणाऱ्याला वाटतं आपण काही केलंच नाही. सेक्रेटरींनी हे चार प्रश्न खडूनं फळ्यावर लिहिले. मी ते इतिवृत्ताच्या वहीत उतरवून घेतले.

डॉक्टर म्हणाले, "काय बारीक नजर आहे या माणसाची!"

"बारीक?" सेक्रेटरी म्हणाले. "मी तर दोन रात्री झोपलो नाही वाचून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

आता माझ्या शाळेतल्या बाईंबद्दल सांगते. त्या भूगोल शिकवायच्या. सायखेड्याकडच्या, बौद्ध घरातल्या. यजमान सरकारी कचेरीत कारकून. एक मुलगी, ती जूनमध्ये दहावीत जाणार होती. पंचवटीत त्यांची एक खोली होती, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला भिंत लागून. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत गिरणी चालायची. मी एकदा गेले होते, तर बशीतला कप आपोआप सरकत होता. मुलगी कानात कापूस घालून अभ्यास करायची, नाहीतर शाळा सुटल्यावर शिपाई कुलूप लावेपर्यंत वर्गात बसून राहायची. बाईंचं एकच चाललं होतं: दहावीच्या वर्षाआधी हिला एक शांत खोली मिळवून द्यायची. घराचं दुसरं कुठलंही दुःख त्या बोलत नसत.

आणि मार्चमध्ये आमच्या सोसायटीतल्या सात नंबरच्या मालकांची नागपूरला बदली झाली. त्यांना भाडेकरू हवा होता. मी बाईंची गाठ घालून दिली. मालकांना त्या पसंत पडल्या, भाडं ठरलं. राहिली फक्त सोसायटीची परवानगी, म्हणजे एक फॉर्म.

तो फॉर्म मी केलेला होता. दोन वर्षांपूर्वी एक भाडेकरू न सांगता येऊन न सांगता गेला, म्हणून कमिटीनं काहीतरी पद्धत बसवायला सांगितली, आणि पद्धत बसवायला मला सांगावं लागत नाही. मी टाइप केलं, सायक्लोस्टाइल करून घेतलं. नाव, नोकरी, घरातली माणसं. मूळ गाव. आहार. सोसायटीतल्या दोन ओळखीच्या सभासदांची नावं. आहाराचा रकाना का, तर तळमजल्यावरच्या आजींनी वरच्या मासळीच्या वासाची तक्रार केली होती. एवढंच कारण. निदान मला तरी तेवढंच माहीत होतं.

बाईंनी तो फॉर्म शिक्षकांच्या खोलीत बसून भरला. आहारापाशी त्या थांबल्या.

"इथं काय लिहू, बाई?"

"खरं ते लिहा," मी म्हटलं, मोठ्या तोऱ्यात.

"आणि दोन नावं? मी तिथं तुमच्याशिवाय कोणालाच ओळखत नाही."

"एक माझं लिहा, दुसरं आमच्या यांचं."

चार दिवसांनी सेक्रेटरी मला जिन्यात भेटले. त्यांच्या हातात फॉर्म होता.

"वहिनी, तुमच्या मैत्रिणीचा अर्ज बघितला. अक्षर काय सुंदर आहे हो!"

"मग?"

"नाही, माणसं उत्तमच असणार. तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच नाही. पण दोन्ही नावं एकाच घरातली आहेत. तशी चालत नाहीत. आहाराचं तुम्ही बघितलंतच. आणि सायखेड्याकडचे म्हणतात, पण गावात घर नेमकं कोणत्या आळीला, ते काही कळत नाही."

"गावातल्या आळीचा आपल्या सोसायटीशी काय संबंध?"

"माझं काहीच नाही हो. बाकीचे विचारतात."

"सेक्रेटरी, परवा शनिवारी तुम्ही फळ्यावर काय लिहिलं होतंत?"

त्यांना खरोखर आठवेना. "परवा? हां, ते पाचवं प्रकरण होय! वहिनी, ते पुस्तक झालं. हा अर्ज आहे." मग मला धीर द्यावा तसं म्हणाले, "आणि ते सगळं उत्तरेकडच्या शहरांचं निरीक्षण आहे. आपलं नाशिक तसं नाही."

मी घरी येऊन पातेली आपटली. तुमचे आजोबा पेपर तपासत होते.

"तुम्ही होतात ना शनिवारी? तुम्हाला काही दिसलं नाही?"

"मला तक्ते आले होते," ते म्हणाले. "मी तक्ते वाचले."

माझा संताप तोपर्यंत फक्त दुसऱ्यांवर होता, आणि असा संताप फार सुखाचा असतो. त्या सुखातच मी सेक्रेटरींकडून पाचवं प्रकरण मागून घेतलं आणि बाईंना वाचायला दिलं. माझी समजूत अशी, की आपल्यावर जे गुदरलंय ते कोणा विद्वानानं लिहून ठेवलंय हे पाहून त्यांना बरं वाटेल.

तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"वाचलं. इंग्रजी अवघड आहे, पण कळलं. एक विचारू, बाई? तुमचा फॉर्म आधीचा की हे पुस्तक आधीचं?"

"म्हणजे?"

त्यांनी फॉर्मची कोरी प्रत काढून प्रकरणाशेजारी ठेवली. दोन्हीकडे पेन्सिलनं बारीक आकडे टाकलेले होते. मुलींचे नकाशे तपासताना टाकतात, तसे. मूळ गाव, एक. आहार, दोन. ओळखीची नावं, तीन. "गावातलं घर तेवढं तुमच्यात राहिलंय. ते तोंडी विचारत असतील."

मी म्हटलं, "अहो, माझ्या मनात तसं काहीसुद्धा नव्हतं."

"नव्हतंच. मला माहीत आहे." त्यांनी पान उलटलं. "इथं तेच तर लिहिलंय ना, की विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं?"

मग घंटा झाली आणि त्या नकाशाची गुंडाळी घेऊन वर्गावर गेल्या. मी खडू विसरले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले.

ते चार प्रश्न मी स्वतःच्या हातानं वहीत लिहून घेतले होते. ती वही आणि तो फॉर्म एकाच कपाटात, एकाच खणात होते. दोन्ही मीच लावून ठेवलेले. पाचवं प्रकरण माझ्या वाट्याला आलं नव्हतं, म्हणून ते माझ्याबद्दल असेल असं मला वाटलंच नाही.

परीक्षेचे पेपर संपल्यावर मी सगळ्यांकडून आठही तुकडे गोळा केले आणि पहिल्यापासून क्रमानं वाचायला बसले. आमच्यापैकी कोणीही तोवर ते केलं नव्हतं. पुस्तक फार चांगलं होतं. दुसऱ्या प्रकरणात गावातल्या विहिरींवरच्या वेळा होत्या, कोणी केव्हा पाणी भरायचं त्या. ते वाचत असताना मागच्या खिडकीतून मला आमच्या आवारातला नळ दिसत होता. मळ्यात छाटणीला पेठ तालुक्याकडची माणसं पाल ठोकून राहिली होती, आणि त्यांच्या बायका आमच्या नळावर दुपारी दोन ते तीन पाणी भरत. ती वेळ मीच ठरवून दिली होती, गर्दी नको म्हणून. त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं बोलले नव्हते. त्या दिवशी खाली गेले आणि एकीला विचारलं, पावसाळ्यात तुम्ही कुठे जाता? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हिला एवढंही कळू नये. म्हणाली, "घरीच जातो ना, बाई. भात कोण लावंल?" अशा मजुरांना गावी घर असतं, शेत असतं, हे सहाव्या प्रकरणात होतं. ते डॉक्टरांकडे होतं. डॉक्टरांनी ते आम्हाला सांगितलंही होतं, बारीकसारीक तपशिलासह, चहा घेत घेत.

पुस्तक आमच्यावर सगळीकडून उजेड पाडत होतं आणि आम्ही तो आठ खोल्यांत वाटून घेतला होता. एवढं मला तेव्हा कळलं. पण कळून घर मिळत नाही, आणि मे महिना निम्मा संपला होता.

मी खास सभा बोलवायला लावली. गच्चीवर सतरंज्या अंथरल्या. फॉर्म आणि पाचवं प्रकरण शेजारी ठेवून मी मोठ्यानं वाचलं आणि सांगितलं, की हा फॉर्म मी केला, तो चुकला, मी तो रद्द करायला सांगते, आणि सात नंबरचा अर्ज आजच मंजूर करा. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते.

कोणी विरोध केला असता तर मी भांडले असते. विरोध कोणी केलाच नाही.

इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, "वहिनींचं शंभर टक्के पटतं. पण माझ्या प्रकरणात असं आहे, की असे बदल सावकाश होतात. घाई केली तर उलट परिणाम होतो."

"माझ्या प्रकरणात आर्थिक बाजू आहे," बँकेतले म्हणाले. "खरा प्रश्न आर्थिकच आहे."

"त्यांची आर्थिक बाजू चांगली आहे," मी म्हटलं. "त्या भाडं देतायत."

"मी तत्त्वाचं बोलतोय, वहिनी."

डॉक्टर म्हणाले, "माझं प्रकरण मजुरांचं. या बाई शिक्षिका. त्यामुळे मला अधिकारानं बोलता येणार नाही."

"अहो, अधिकार कसला? जिना एकच आहे!"

तळमजल्यावरच्या आजींनी कोणतंच प्रकरण वाचलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मुलगी अभ्यासाची असेल तर येऊ देत की. मासे केलेच तर खिडकी लावून घ्या म्हणावं." सबंध सभेत सरळ बोलणारं माणूस ते एवढंच, आणि त्या सभासदही नव्हत्या, सभासद त्यांचा मुलगा. तो मुंबईला गेला होता.

ठराव असा झाला: फॉर्म सुधारण्यासाठी तिघांची उपसमिती नेमावी, तोवर आलेले अर्ज स्थगित ठेवावेत. ठरावाच्या बाजूनं सगळे. उपसमितीवर मी. इतिवृत्त लिहिलं मी.

सात नंबरचे मालक किती थांबणार? जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथं सेक्रेटरींच्या ओळखीचं एक जोडपं राहायला आलं. फॉर्म स्थगित असल्यामुळे त्यांनी तो भरला नाही.

हे बाईंना सांगायला मी गेले तेव्हा गिरणी चालू होती, त्यामुळे मला ते ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगताना कसं वाटतं, ते तुम्हाला लिहून कळणार नाही. त्या म्हणाल्या, "मला मेमध्येच कळलं होतं. तुम्ही उगीच एवढं धावलात." मुलगी कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. कानांत कापूस होता. तिला ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही.

मी म्हटलं, "हिला संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला पाठवा. आमच्या मुलाचं टेबल रिकामंच आहे."

दोन दिवसांनी बाई शाळेत म्हणाल्या, "पाठवते. तिच्यासाठी."

अशी ती मुलगी वर्षभर रोज सहा ते आठ आमच्या घरी आली, तुमच्या बाबाच्या टेबलाशी बसली. ज्या इमारतीत तिला राहू दिलं नाही तिथंच. सगळे तिच्याशी गोड वागले, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त वैताग यायचा. डॉक्टरांनी तिचे टॉन्सिल तपासले. सेक्रेटरींनी तर एकदा जिन्याच्या वळणावर उभं राहून तिला भूमितीचं प्रमेय समजावलं, भिंतीवर बोटानं आकृती काढून, अर्धा तास. वर येऊन मला म्हणाले, "वहिनी, पोरगी हुशार आहे! अशा मुलांसाठी समाजानं काहीतरी केलं पाहिजे."

त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती.

आठ वाजता तिचे वडील सायकलवरून तिला न्यायला येत आणि फाटकाबाहेर उभे राहत. मी गॅलरीतून हाक मारायची, "अहो, वर या ना, चहा टाकते." ते मान वर करून म्हणायचे, "नको बाई, ठीक हाय इथंच." पावसाळ्यात छत्री घेऊन उभे, थंडीत मफलर गुंडाळून. वर्षभरात फाटकाच्या आत एकदाही आले नाहीत. शेवटी मी हाक मारायचं सोडलं, कारण त्यांना रोज नाही म्हणायला लावणं हाही एक जाच होता.

उपसमितीनं फॉर्म सुधारला. फक्त नाव आणि नोकरी ठेवलं. मी नवा टाइप केला. त्यानंतर भाडेकरू आले ते सगळे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचे होते, त्यामुळे तो फारसा लागला नाही. अभ्यासमंडळानं पुढचं पुस्तक घेतलं. मी जायचं सोडलं नाही. सोडायला हवं होतं, असं अजूनही अधूनमधून वाटतं. एकच केलं. बाइंडरकडे आठही तुकडे परत नेले आणि एकत्र शिवून घेतले. समासातून सुई जाईना इतके ते कातरले गेले होते, म्हणून आतल्या बाजूच्या काही ओळी अर्ध्याच वाचता येतात. धाकटीला हवं असेल तर पाठवते.

पुढच्या जूनमध्ये मुलीचा निकाल लागला. वर्गात पहिली आली. बाई पेढे घेऊन आमच्याकडे आल्या, मुलगीही बरोबर होती, नीट वेणी घालून. मी म्हटलं, "चला, सगळ्या मजल्यांवर देऊन येऊ. सेक्रेटरींना तर आधी."

"तुमच्या घरी दिले," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना तुम्ही सांगा, हवं तर."

मुलीनं आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. मग जाताना, दारात चपला घालता घालता, बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं सगळं."

"माझ्यामुळे काय झालं? दोन तास टेबल दिलं, एवढंच ना?"

"टेबल तरी कोण देतं, बाई?"

त्या मला टोमणा मारत नव्हत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मनापासून आभार मानत होत्या. टोमणा असता तर मी तो घेतला असता.